वीरगळ: तो की ती? आणि गावच्या शब्दाचं काय?

आमच्या गावात मारुतीच्या देवळावरून पाणंदीकडे वळताना चिंचेखाली चार कोरीव दगड आहेत. तीन उभे, चौथा आडवा. तो आडवा झाला रस्ता रुंद करताना. जेसीबीने उचलून गटाराच्या कडेला टाकला, दोन पावसाळे तसाच पडून राहिला. आता तरुण मंडळाने चौथरा बांधून चारही नीट उभे करायचं ठरवलंय. शेजारी माहितीचा फलक लागणार आहे आणि त्याचा मजकूर माझ्याकडे आलाय.

झुंजताना पडलेल्या वीराच्या आठवणीसाठी कोरलेल्या दगडाला वीरगळ म्हणतात. पण पहिल्याच ओळीला अडलो. ‘हा वीरगळ’ लिहू की ‘ही वीरगळ’? अनेकवचन ‘वीरगळ’ की ‘वीरगळी’? गावात विचारलं तर हा शब्दच कुणाला माहीत नाही. आजी म्हणाली, “ते वीर हाईत. लगीन झालं की जोडीनं नारळ द्यायचा असतोय तिथं.” मग फलकावर ‘वीरगळ’ लिहायचं तरी कुणासाठी?

*

दादा, दोन्ही लिंगं रूढ आहेत. ‘तो वीरगळ, ते वीरगळ’ म्हणणारे आहेत आणि ‘ती वीरगळ, त्या वीरगळी’ म्हणणारेही आहेत. मला वाटतं, ज्याच्या मनात ‘दगड’ असतो तो ‘तो’ म्हणतो आणि ज्याच्या मनात ‘शिळा’ असते तो ‘ती’. एक धरा आणि फलकभर तेच ठेवा, म्हणजे झालं.

शब्द मुळात कन्नड. ‘कल्लु’ म्हणजे दगड. समासात ‘क’चा ‘ग’ होतो, म्हणून ‘वीरगल्लु’. आपल्याकडे येताना शेवटी ‘ळ’ झाला. म्हणजे दगड त्या शब्दातच बसलेला आहे. फलकावर ‘वीरगळ शिळा’ किंवा ‘वीरगळाचा दगड’ लिहू नका, ते पावरोटीसारखं होतं, एकच अर्थ दोनदा. कुणी ‘युद्धस्मारक’ सुचवेल, तेही नको. वीर दर वेळी राजाच्या लढाईतच मेला असं नसतं. कुणी गावची गुरं चोरांकडून सोडवताना पडला, कुणी वाघाशी झुंजताना.

एकदा सकाळच्या तिरक्या उन्हात बसून तो दगड खालून वर वाचा. सगळ्यात खाली आडवा पडलेला माणूस, किंवा गाई. गाई असल्या तर मरण गुरांपायी आलं. त्यावरच्या चौकटीत झुंज, ढाल-तलवार, कधी घोडेस्वार. त्याच्या वर दोन्ही बाजूंनी अप्सरा त्याला उचलून नेतायत. वर शिवलिंग आणि हात जोडून बसलेला तोच माणूस. अगदी टोकाला चंद्रसूर्य: ते आहेत तोवर याचं नाव राहील. बहुतेकांवर ते नाव मात्र कोरलेलंच नाही, आणि मला दर वेळी तिथेच गलबलून येतं. बोरिवलीजवळ एकसरला अशाच शिळांवर वल्ह्यांची जहाजं कोरलेली आहेत, समुद्रावरची लढाई. मुंबईत राहून ती न पाहिलेले किती तरी लोक मला भेटतात.

आजीचा शब्द मात्र सोडू नका. देवघरात वीराचा टाक असतो तो याच अर्थाचा. गावाने दगडाचं नाव विसरलं, माणसाचं नातं विसरलं नाही.

*

दादा, एक विचारायचं राहिलं. त्या तीन उभ्या दगडांत हात कोरलेला एखादा आहे का? कोपरात वाकलेला, पंजा वर, मनगटात बांगड्या? असेल तर ती सतीशिळा. तिला सरसकट वीरगळ म्हणू नये, ते मरण वेगळं.

*

हो, तिसऱ्यावर हात आहे, बांगड्याही मोजता येतात. आणि चौथ्याचं सांगायला संकोच वाटत होता. त्यावर गाढव आणि बाई आहे. मंडळातले काहीजण म्हणतायत, ती बाजू भिंतीकडे करू.

*

कृपा करून भिंतीकडे करू नका! तो गद्धेगळ आहे. गधेगाळ असंही लिहितात. इथल्या ‘गळ’बद्दल दोन मतं आहेत: कुणी तो वीरगळातलाच ‘दगड’ मानतात, कुणी ‘गाळ’ म्हणजे शिवी. मला दुसरं पटतं, कारण दगडाचं कामच ते. दान दिलेली जमीन जो बळकावेल त्याला आईवरून दिलेली शिवी आहे ती. वाचता न येणाऱ्यालाही चित्रावरून कळायची. परळला सापडलेल्या शके ११०८च्या, शिलाहार राजांच्या काळातल्या लेखात दानाचा मजकूर संस्कृतात आहे आणि शाप मराठीत. धाक ज्यांना घालायचा त्यांची भाषा ती. अलिबागजवळच्या आक्षीचा लेख शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२चा, असं वाचन आहे. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत त्याची गणना होते आणि तोही गद्धेगळावरच आहे. शिवी वाईटच आहे, त्यात बाईची विटंबना आहे, हे फलकावर सरळ लिहा. पण लपवू नका. तुमच्या गावात कधीतरी जमिनीचं दान झालं होतं, याचा तो पुरावा आहे. खाली अक्षरं आहेत का बघा. घासू नका, शेंदूर किंवा ऑइलपेंट लावू देऊ नका, नुसत्या पाण्याने धुवा.

*

धुतला. खालच्या अंगाला तीन ओळी आहेत, झिजलेल्या. तालुक्याच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या मॅडम रविवारी ठसा घ्यायला येतायत. फलकाचा मजकूर तोवर एवढाच ठेवलाय:

‘वीर. जाणकार याला वीरगळ म्हणतात. हे दोघे झुंजताना पडले. नावं कोरलेली नाहीत. शेजारी सतीशिळा. चौथा दगड गद्धेगळ, दानाची जमीन राखण्यासाठी घातलेला शाप; त्यावरचा लेख वाचून व्हायचा आहे. दगडांवर बसू नये, रंग लावू नये. नारळ समोरच्या कट्ट्यावर फोडावा.’

शेवटची ओळ आजीने घालायला लावली.