मदत हवी आहे: भाचीला हॅरी पॉटरच्या मध्यरात्रीच्या शोला न्यायचंय (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

१५ जुलै २०११ ला हॅरी पॉटरचा शेवटचा सिनेमा लागतोय (शेवटच्या पुस्तकाचे दोन सिनेमे केलेत, त्यातला दुसरा). ताईच्या मुलीला त्याच्या मध्यरात्रीच्या पहिल्या शोला न्यायचं ठरवलंय. या वेळी काहीही चुकायला नकोय, म्हणून आधीच विचारतेय. ज्यांनी इकडे असे शो पाहिलेत त्यांनी जरा सविस्तर लिहा.

भाची बारा वर्षांची आहे, सांगलीला मराठी शाळेत शिकलेली. 'हॅरी पॉटर आणि परीस' तिला आजोबांनी आणून दिलं तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही. ताईला कंपनीने गेल्या ऑगस्टमध्ये इकडे पाठवलं. नव्या शाळेत दोन महिने पोर कुणाशी धड बोलली नव्हती. मग वर्गातल्या एका मुलीच्या दप्तरावर तिला ग्रिफिंडॉरचा, म्हणजे हॅरीच्या शाळेतल्या त्याच्या गटाचा, सिंह दिसला आणि तिथून मैत्री जमली. मध्यरात्रीच्या शोचं तिला त्याच मुलीने सांगितलं. सगळे सिनेमातल्या जादूगारांसारखे झगे घालून, छड्या घेऊन येतात म्हणे.

तर गेल्या नोव्हेंबरात आधीचा भाग लागला तेव्हा मी मोठ्या हौसेने दोघींची तिकिटं काढली. त्यावर छापलेलं होतं: शुक्रवार, १९ नोव्हेंबर, १२:०१ एएम. आम्ही शुक्रवारी रात्री जेवून निघालो, साडेदहाला थिएटरवर पोचलो. भाचीच्या कपाळावर ताईने काजळाने हॅरीच्या कपाळावर असते तशी विजेची खूण काढून दिली होती. दारावरच्या मुलाने तिकीट हातात घेतलं, दोनदा वाचलं आणि म्हणाला, हा शो काल रात्रीच झाला. तारीख बदलते बाराला, म्हणजे १९ तारखेचा १२:०१ चा शो गुरुवारी रात्री असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या रात्रीचे बाकीचे शो भरलेले. पोर एक शब्द बोलली नाही. गाडीत बसल्यावर स्वेटरची बाही ओढून तिने कपाळ पुसलं. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. नंतर दोन आठवड्यांनी एका दुपारी आम्ही तो सिनेमा पाहिला, आख्ख्या हॉलमध्ये अकरा माणसं होती.

जुलैअखेर ते सगळे सांगलीला परत जाताहेत. या सिनेमानंतर पुढचा भाग नाही, त्यामुळे ही एकच रात्र आहे.

आता विचारायचंय ते असं. १५ तारखेचा १२:०१ म्हणजे गुरुवारी, १४ तारखेच्या रात्री जायचं, बरोबर ना? आमच्या इथे तिकिटावर खुर्चीचा नंबर नसतो, मग रांगेत किती आधी उभं राहावं? तिला चष्मा आहे, तर थ्रीडी घ्यावं का?

आणि सगळ्यात मोठा प्रश्न पुस्तकाचा. शेवटचं पुस्तक आम्ही लायब्ररीतून आणून इंग्रजीत वाचतोय, रोज रात्री थोडं थोडं. अडलं की मी मराठीत सांगते. ३२वं प्रकरण झालं आणि ती म्हणाली, मावशी, आता थांबूया, पुढचं थिएटरमध्येच बघते. मला कळेना काय करावं. शेवट पहिल्यांदा पडद्यावर बघण्यातही मजा आहेच. पण इथे शिक्षिका बोलतात ते तिला कळतं, सिनेमातलं ब्रिटिश बोलणं निम्मं निसटतं. पडद्यावर खाली अक्षरंही नसतात. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

कृपा करून शेवट इथे कुणी लिहू नका, ती माझ्या शेजारी बसून वाचते.

प्रतिसाद १

हो, गुरुवारी रात्रीच. फ्रिजवर '१४ जुलै, गुरुवार' असं लिहूनच ठेवा. ही चूक पुष्कळांची होते, मनाला लावून घेऊ नका.

थ्रीडी नको. मी चष्मेवाली आहे, वरून दुसरा चष्मा चढवला की तो नाकावरून घसरत राहतो आणि दोन तास हाताने धरून बसावं लागतं. शिवाय याचं चित्रीकरण साध्या कॅमेऱ्यानेच झालंय, थ्रीडी मागाहून केलंय. तीन-चार डॉलर जास्त कशाला द्यायचे?

रांगेचं म्हणाल तर आम्ही मागच्या वेळी नऊला गेलो तरी पुढून तिसरी ओळ मिळाली, मान दुखून आली. एसी फार असतो, शाल न्या. घरून जेवून निघा. सिनेमा १३० मिनिटांचा आहे, जाहिराती धरून घरी पोचायला तीन वाजतील.

प्रतिसाद २

ताई, पुस्तक आधी पूर्ण करा. मी हे अगदी कळकळीने सांगतोय.

मध्यरात्रीच्या शोला येणारी माणसं पुस्तक पाठ असलेली असतात. एखादा प्रसंग यायच्या आधीच हॉल शांत होतो, कुणीतरी हुंदका देतं, आणि काही ठिकाणी तर टाळ्या-शिट्ट्यांत पुढची चार वाक्यं ऐकूच येत नाहीत. २००७ साली पुस्तक आलं तेव्हापासून लोक हे दृश्य मनात बघताहेत. अशा गर्दीत जिला पुढचं माहीत नाही ती एकटी पडते, त्यात इंग्रजी नवीन. वाचून गेली तर एक शब्द नाही कळला तरी काही अडणार नाही, आणि ती सगळ्यांबरोबर रडेल, सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवेल. त्यासाठीच तर मध्यरात्री जायचं ना?

३३वं प्रकरण मात्र घाईत वाचू नका. एका बैठकीत, तिला झोप आलेली नसताना वाचा. मग जायच्या आदल्या दिवशी २४व्या प्रकरणापासून पुन्हा चाळा, नवा सिनेमा साधारण तिथूनच सुरू होईल.

अजून एक. बऱ्याच थिएटरांत गुरुवारी रात्री नऊच्या सुमारास आधीचा भाग दाखवून लगेच मध्यरात्री नवा दाखवणार आहेत. दोन्हींचं एकच तिकीट. नऊला जी खुर्ची धरली तीच शेवटपर्यंत, मध्ये उठून रांग नाही. जवळपास चौकशी करा.

प्रतिसाद ३

पुण्यात १५ तारखेलाच लागतोय, हिंदीतही आहे. सांगलीला परतल्यावर तिला एकदा हिंदीत दाखवा, राहिलेलं बोलणं कळेल. आणि काजळ परत लावा हं तिच्या कपाळाला.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन सिनेमे एकत्र दाखवतात हे मला ठाऊकच नव्हतं. आज सकाळी फोन करून विचारलं, अर्ध्या तासावरच्या एका थिएटरमध्ये आहे. गुरुवार, १४ जुलै, रात्री नऊ, थ्रीडी नाही, साधाच, तीन तिकिटं काढली, ताईपण येतेय. तारीख फोनवर दोनदा वदवून घेतली. म्हणजे नोव्हेंबरात हुकलेला भागही तिला भरल्या हॉलमध्ये बघायला मिळेल.

प्रतिसाद २ मी तिला वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होती. मग पुस्तक आणून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, उद्या शनिवार आहे मावशी, सकाळीच वाचूया, अंघोळी करून.

झग्याला कापड किती लागेल, कुणी शिवलाय का? तिची उंची चार फूट आठ इंच आहे.