हिमयुगात कळसूबाईवर बर्फ होता का?

डोंगरखुळा: मागच्या रविवारी पोराला घेऊन कळसूबाई केली. शेवटच्या शिडीवर गार वारा झोंबला तसा तो म्हणाला, "बाबा, हिमयुगात इथे बर्फ असेल ना?" मी ठोकून दिलं, "असेल की." आता घरी आल्यापासून पुरावा मागतोय. जाणकारांनी सोडवा.

मातीमास्तर: नव्हता. फार तर थंडीत दव गोठत असेल. साधारण २१ हजार वर्षांपूर्वी, ऐन कडाक्यातही, उष्ण कटिबंधातली जमीन आजच्यापेक्षा चार-पाच अंशांनीच गार होती. हवाईतल्या मौना केआवर मात्र खरोखर हिमटोपी होती, आणि तो कळसूबाईच्या जवळपास त्याच अक्षांशावर आहे. पण तो ४,२०७ मीटर, आपली बाई १,६४६! आपल्याकडे खरी गंमत झाली ती पावसाची. मोसमी वारे दुबळे पडले. चाळीसगावजवळ पाटण्याला शहामृगाच्या अंड्यांची कवचं सापडलीत, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची. एका तुकड्यावर कोरलेली नक्षीही आहे. शहामृग म्हणजे मोकळा, कोरडा माळ.

रिगवाला काका: मास्तर, समुद्र राहिला की. मी बॉम्बे हायवर, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, बरीच वर्षं काढली. चौदा दिवस वर, चौदा दिवस घरी. मुंबईपासून दीडशेहून जास्त किलोमीटर आत, चहूकडे पाणी, नजरेला दुसरं काही नाही. तिथे खोली किती? ७५ मीटरच्या आसपास. आणि जगभरचं पाणी ध्रुवांकडे बर्फात अडकल्यामुळे समुद्र उतरला होता सुमारे १२० मीटर. करा वजाबाकी. आमच्या प्लॅटफॉर्मच्या पायाखाली तेव्हा कोरडी जमीन होती! एका जिऑलॉजिस्टने जेवणाच्या टेबलावर हे सांगितलं, त्या रात्री ड्यूटीवर कठड्याला टेकून मी खाली काळ्या पाण्याकडे बघत राहिलो. मासळी सोडून तिथे कधी गवत चरणारं काही फिरलं असेल, हे डोक्यात बसेना. मुंबईसमोरचा उथळ पट्टा फार रुंद, म्हणून किनारा इतका लांब गेला. केरळकडे तो अरुंद, तिथे एवढा फरक नाही.

डोंगरखुळा: काका, वजाबाकी पोराने केली. ४५ आली. आता म्हणतो बर्फ राहू दे, शहामृगाकडे चला. पाटण्याला गाडी जाते का?

मातीमास्तर: पाटणादेवीपर्यंत जाते. पण कवचं तिथे शोधत बसू नका, उत्खनन केव्हाच झालंय.