महागडा मेकॅनिकल कीबोर्ड घ्यावा का? मदत हवी आहे, रविवारपर्यंत ठरवायचंय

अनुवादिनी
नमस्कार. दिवसाला ८-९ तास टंकते, करंगळी दुखायला लागली आहे. आताचा कीबोर्ड ७०० रुपयांचा, त्यावरची अक्षरंही पुसली गेलीत. एका सहकाऱ्याने १४ हजारांचा मेकॅनिकल सुचवलाय. एवढे पैसे घालून खरंच फरक पडतो का? ज्यांनी वापरलाय त्यांनी सांगा. नुसतं "मस्त आहे" नको, काय बदललं ते हवंय.

खटखट
पडतो, आणि पहिल्या आठवड्यात कळतो. स्वस्त कीबोर्डात सगळ्या बटणांखाली एकच रबरी पडदा असतो. बटण पार तळाला टेकल्याशिवाय अक्षर उमटत नाही, म्हणून आपण नकळत ठोकत राहतो. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःचा स्विच. चेरी कंपनीचा रेड स्विच ४ मिमी खाली जातो, पण अक्षर २ मिमीलाच उमटतं. सवय झाली की बोटं आपटायची थांबतात. एकेका स्विचचं आयुष्य कंपनी १० कोटी दाब सांगते. बिनधास्त ब्लू स्विचचा घ्या. प्रत्येक दाबाला टिक्क आवाज येतो, फार समाधान वाटतं.

पन्हाळकर
थांबा, घाई नको. कुठल्या हाताची करंगळी? लॅपटॉप की डेस्कटॉप? विंडोज की मॅक? मराठी टंकता की इंग्रजी? घरात रात्री कुणी शेजारी झोपतं का? हे कळल्याशिवाय ब्लू सुचवणं चूक आहे.

शुद्धमती
मी तर टंकणंच सोडलं. फोनवर मराठीत बोलते, मजकूर आपोआप उमटतो, ऱ्हस्व-दीर्घ तेवढं नंतर तपासायचं. पैसेही वाचतील आणि बोटंही.

अनुवादिनी
शुद्धमती, माझ्याकडे करारनामे असतात, ते मोठ्याने वाचून दाखवता येत नाहीत.
पन्हाळकर, डावी करंगळी. विंडोज लॅपटॉप, त्याला बाहेरून कीबोर्ड जोडलेला. मुलगी त्याच खोलीत झोपते. भाऊ पुढच्या आठवड्यात म्युनिकहून येतोय, तो आणू शकतो, म्हणून रविवारची घाई.

नदीकाठ
१४ हजारांतला बराचसा पैसा ॲल्युमिनियमच्या जड बॉडीचा असतो. ती दिसायला देखणी, टेबलावर हलत नाही, पण करंगळीला तिचा उपयोग शून्य. चेरीचं मूळ पेटंट २०१४ च्या सुमारास संपलं. तेव्हापासून गेटरॉन, काइल्ह असे चिनी स्विच आले आणि चार-पाच हजारांत उत्तम कीबोर्ड मिळू लागले. बटणं मात्र पीबीटी प्लास्टिकची बघून घ्या. एबीएसची लवकर गुळगुळीत होऊन चमकायला लागतात.

खटखट
स्वस्त स्विचमध्ये कुरकुर येते. माझा चेरीचा २०१७ पासून रोज चालतोय.

नदीकाठ
माझा गेटरॉन पाच वर्षं चाललाय आणि चेरी रेडपेक्षा मऊ आहे. दोन्ही शेजारी ठेवून टंकून बघा, मग बोलू.

जुनाजाणता
तुम्ही दोघं स्विचवर भांडताय, पण टोप्रे हा जपानी स्विच कुणी वापरलाय का? १९९६ मध्ये जपानमध्ये हॅपी हॅकिंग कीबोर्ड आला, प्रा. एइइती वाडा यांच्या कल्पनेतून. जेमतेम ६० बटणं, बाणांची वेगळी बटणंच नाहीत! टोप्रे स्विच त्यात पुढे आले. मी तोच वापरतो. किंमत ऐकून घरचे रागावले, पण मला दुसरं काही नको.

मुक्काम_श्टुटगार्ट
ताई, जर्मनीतून नका मागवू. इथल्या मांडणीत डावं शिफ्ट आखूड असतं, त्याच्या आणि पुढच्या अक्षराच्या मध्ये एक जास्तीचं बटण येतं. करंगळी आणखी ताणली जाईल. शिवाय वाय आणि झेडची जागा बदललेली.

पन्हाळकर
अजून एक उत्तर राहिलं. मराठी इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय लिप्यांसाठीची बटणांची मांडणी) टंकता का?

अनुवादिनी
हो, अर्थात.

पन्हाळकर
मग सापडलं. इनस्क्रिप्टमध्ये व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला. ख, घ, छ, झ, थ, ध, फ, भ, शिवाय श आणि ळ, सगळे शिफ्ट धरून. अक्षर उजव्या हाताचं, म्हणजे शिफ्ट डाव्या करंगळीने. करारनाम्यात "अधिकार", "भाडेधारक", "शर्ती" किती वेळा येतात बघा. दिवसाला हजारो वेळा ती करंगळी ताणून दाबून धरताय. स्विच ७०० चा असो की १४ हजारांचा, हे तसंच राहणार.
आधी फुकटचा उपाय: शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबा, स्टिकी कीज सुरू करायचं का असं विंडोज विचारेल. हो म्हणा. मग शिफ्ट दाबून सोडायचं आणि अक्षर दाबायचं, धरून ठेवायचं नाही. आणि डॉक्टरांना दाखवाच, हे त्याच्याऐवजी नाही.

खटखट
हे मला माहीत नव्हतं. मी फक्त इंग्रजी टंकतो.

अनुवादिनी
चार दिवस केलं. पहिल्या दिवशी वेड लागायची पाळी आली, ते सारखं आपोआप बंद होत होतं. आज संध्याकाळी करंगळी ठणकत नाहीये. डॉक्टरांची वेळ गुरुवारची आहे.

पन्हाळकर
जुन्या सवयीने शिफ्ट आणि अक्षर एकदम दाबलं गेलं की ते बंद होतं. सेटिंगमध्ये "दोन बटणं एकदम दाबल्यास बंद करा" अशा अर्थाची खूण आहे, ती काढा.

नदीकाठ
आणि आता पैसे घालायचेच तर क्यूएमके-व्हीआयए (बटणांची कामं बदलायचं सॉफ्टवेअर) चालणारा घ्या. त्यात कुठलंही बटण कुठेही नेता येतं. स्पेसच्या उजवीकडचं एखादं बटण शिफ्ट करा, काम अंगठ्याकडे जाईल. अंगठा करंगळीपेक्षा कितीतरी दणकट. यासाठी पाच हजार द्यायला माझी हरकत नाही. कीक्रॉन कंपनीच्या व्ही मालिकेत हे चालतं.

अनुवादिनी
भावाला नको म्हणून कळवलं. हाच घेईन. आवाजासाठी रेड की ब्राऊन? पुण्यात कुठे हात लावून बघता येईल?

नदीकाठ
दोन्हींत ब्लूसारखी टिक्क नाही. ब्राऊनमध्ये अक्षर उमटताना बोटाला हलका अडथळा जाणवतो, रेड सरळ खाली जातो. माझ्याकडे दोन्ही आहेत. शनिवारी कोथरूडला येणार असाल तर व्यनि (खासगी निरोप) करा, तुमचा लॅपटॉप घेऊन या. तासभर तुमचाच मजकूर टंकून बघा.