आपली मंडळी 🏔️ ऑक्टोबर, शेनन्डोआ राष्ट्रीय उद्यान (अमेरिका)

ताई: दादाने काल रात्री पाठवलेला तक्ता आत्ता उघडला. तिन्ही दिवस ‘चालक’ या रकान्यात माझं नाव. मला कोणी विचारलं? गेल्या ऑक्टोबरमध्येही तीन दिवस मीच गाडीत होते. ॲपलाचियन ट्रेल, ती डोंगरातली लांबलचक पायवाट, मी पाहिली ती काचेतून.

दादा: अगं, कच्चा तक्ता आहे तो. आणि चालणाऱ्यांना गाडी घेऊन पुढे भेटायचं, त्याला सपोर्ट म्हणतात.

बाळ्या: सपोर्ट = बिनपगारी चालक 😄

मोठे मामा: 🌸 सुप्रभात 🌸 शांत मन हीच खरी श्रीमंती 🌸

नानाकाका: माझा मुद्दा पुन्हा मांडतो. दोन गाड्या. एक सकाळीच शेवटच्या टोकाला लावून यायची. सगळ्यांनी तिच्याकडे चालत जायचं. कोणी कोणाची वाट बघत बसायचं नाही.

दादा: नाना, दुसरी गाडी भाड्याने घ्यावी लागेल. शिवाय उद्यानात शिरायला गाडीमागे ३० डॉलर.

नानाकाका: सात दिवसांचे ३०. आणि माझ्याकडे ज्येष्ठांचा पास आहे. ८० डॉलर, एकदाच भरले, आयुष्यभराचं काम झालं.

वहिनी: नाना, पास तुमच्या गाडीला चालेल. दुसरीचे भरावेच लागतील.

बाळ्या: ३० भागिले सात माणसं. चार डॉलर आणि चिल्लर. दादा, तुझे मी भरतो.

दादा: पैशांचा प्रश्नच नाहीये.

ताई: मग कशाचा आहे?

मोठी आत्या: मला इथे बसून एक सांगा, ती वाट साडेतीन हजार किलोमीटरची ना? तुम्ही तीन दिवसांत कशी संपवणार?

छोटी: आत्या, जॉर्जिया राज्यापासून मेन राज्यापर्यंतची पूर्ण वाट नाही गं. आपण व्हर्जिनियातला एक तुकडा चालणार. तिथे डोंगरमाथ्यावरून स्कायलाइन ड्राइव्ह हा गाडीरस्ता जातो, १०५ मैलांचा. वाट त्याला वीसहून जास्त वेळा ओलांडते. म्हणून संध्याकाळी गाडीत बसून मुक्कामाला परत यायचं. पाठीवर फक्त पाणी, डबा आणि रेनकोट.

मोठी आत्या: म्हणजे वारीत दिंडीचं सामान ट्रकमधून जातं, तसं.

मोठे मामा: वारीत ट्रकवाला तक्रार करत नाही.

ताई: मामा, ट्रकवाल्याला भाडं मिळतं.

दादा: मुद्द्यावर येऊ या का? कंसातले आकडे स्कायलाइन ड्राइव्हवरच्या मैलाच्या खुणा, गॅप म्हणजे खिंड. पहिला दिवस थॉर्नटन गॅप (मैल ३१.५) ते स्कायलँड (४१.७). दुसरा स्कायलँड ते बिग मेडोज (५१). तिसरा बिग मेडोज ते स्विफ्ट रन गॅप (६५.५).

वहिनी: बिग मेडोज?? परत??

ताई: 🙏

बाळ्या: बिग मेडोज प्रकरण ज्यांना माहीत नाही त्यांनी वर स्क्रोल करावं. वर्षभर.

वहिनी: ताई दीड तास व्हिजिटर सेंटरच्या पार्किंगमध्ये बसल्या होत्या आणि आम्ही कॅम्पग्राउंडच्या मागे दगडावर. फोनला रेंज नाही. यांचं एकच पालुपद, ‘येईल, येईल’.

दादा: नकाशावर दोन्हीकडे बिग मेडोजच लिहिलंय, त्याला मी काय करू?

छोटी: पण वाट तिथे रस्त्याला टेकतच नाही रे. कॅम्पग्राउंड आणि लॉजच्या मागच्या उतारावरून जाते. रस्ता ओलांडते ती मिलम गॅपला, मैल ५२.८. तिथे पार्किंग आहे. दुसरा दिवस तिथेच संपवू या. कुठे भेटायचं यावर वाद उरणार नाही.

नानाकाका: छोटी बरोबर बोलतेय. नाव मोठं म्हणून ते भेटायचं ठिकाण होत नाही. हॉक्सबिल गॅपलाही (४५.५) तीच गोष्ट. वाट पार्किंगच्या खालून जाते, जोडवाटेने वर यावं लागतं. बोलण्याच्या नादात असाल तर पुढे निघून जाल. म्हणूनच म्हणतो, दोन गाड्या.

मोठे मामा: माझ्या गुडघ्याचं काय ठरलं?

दादा: मामा, पहिल्या दिवशी तुम्ही पिनॅकल्सपर्यंतच (३६.७) चाला. वाट पिकनिकच्या जागेतूनच जाते, स्वच्छतागृह आहे, बाकं आहेत.

नानाकाका: त्यापेक्षा पहिला दिवस उलटा चाला. स्कायलँडहून थॉर्नटन गॅपला उतरा. नाहीतर सकाळी सकाळी मेरीज रॉक शिखराचा चढ लागतो.

वहिनी: नाना, गुडघ्याला चढाचं काही वाटत नाही, उतार मारतो. डॉक्टरांनी मामांना तेच सांगितलंय.

मोठे मामा: डॉक्टरांनी मला काही सांगितलेलं नाही. वहिनींनी सांगितलंय.

बाळ्या: मामा, गेल्या वर्षीसारखं झाडांवर रंगवलेल्या निळ्या पट्ट्यांच्या मागे जाऊ नका म्हणजे झालं. मुख्य वाटेच्या पट्ट्या पांढऱ्या, दोन इंच रुंद, सहा इंच उंच. निळ्या म्हणजे फाटा.

मोठे मामा: धबधबा छान होता.

छोटी: फाट्यांवर काँक्रीटचे खांब आहेत. त्यांच्या धातूच्या पट्टीवर कुठे किती मैल ते कोरलेलं असतं. थांबून वाचायचं, बस.

दादा: बरं. समजा दोन गाड्या घेतल्या. रोज सकाळी एक गाडी पुढे सोडून येण्यात किती वेळ जाणार? दहा मैल म्हणजे दहा मिनिटं धरू?

ताई: दहा मिनिटं?? ताशी ३५ मैलांची मर्यादा आहे तिथे. जायला वीस, यायला वीस. शनिवार असेल तर पानांचे रंग बघायला आलेली अख्खी दुनिया वळणावळणावर थांबलेली. तू कधी चालवली नाहीस ना, म्हणून विचारतोयस.

दादा: टोमणा पोचला.

वहिनी: मंगळवार ते गुरुवार जाऊ या. शनिवार-रविवार नकोच.

नानाकाका: चाळीस मिनिटं सकाळी गेली तरी सातही जण चालतात. एका गाडीत एक जण तीन दिवस अडकतो. दोन गाड्या.

ताई: नाना, तुम्हीच एक माणूस आहात या ग्रुपवर.

नानाकाका: फक्त पुढच्या गाडीची किल्ली चालणाऱ्याच्या खिशात हवी. मागच्या गाडीत राहिलेल्या जॅकेटमध्ये नको. कोणाच्या ते लिहीत नाही.

दादा: लिहिलंत की!

बाळ्या: जॅकेट निळं होतं 🤐

ताई: तिसरा दिवस मोठा आहे, मिलम गॅप ते स्विफ्ट रन. ऑक्टोबरच्या मध्यात साडेसहाला सूर्य मावळतो. कोणी मागे पडलं तर कुठे बाहेर पडायचं ते आत्ताच ठरवा. बेअरफेन्स ५६.४, लुईस माउंटन ५७.५, साउथ रिव्हर ६२.८. दुपारी तीनपर्यंत साउथ रिव्हर आलं नाही तर तिथेच थांबायचं. ‘अजून थोडं’ म्हणायचं नाही. आणि नकाशे घरीच उतरवून घ्या, तिथे रेंजच्या भरवशावर राहू नका.

दादा: मान्य. नवा तक्ता टाकतो. ‘चालक’ रकाना काढला. त्याजागी ‘किल्ली’.

ताई: किल्ल्या दोन्ही माझ्याकडे.

दादा: बरं बाई.

मोठे मामा: 👏👏

मोठी आत्या: सगळं छान झालं. पण एक गाडी या टोकाला, दुसरी त्या टोकाला, आणि सगळे डोंगरात. मग पहिल्या दिवशी मामांना मधूनच, त्या पिनॅकल्सहून, कोण उचलणार?

बाळ्या: 👀

दादा: ताई, फक्त पहिला दिवस…

ताई: नानांना विचार. आयुष्यभराचा पास त्यांच्याकडे आहे.

नानाकाका: माझा मुद्दा पुन्हा मांडतो. तीन गाड्या.