शब्दचर्चा : विश्वकिरण, वीज आणि ‘ट्रिगर’

प्रश्न : आठवीच्या मुलांसाठी टिपण लिहितेय. ‘विश्वकिरण विजेला ट्रिगर करतात’ इथे अडलेय. ‘विश्वकिरणांमुळे वीज पडते’ असं लिहून खोडलं. शिवाय विश्वकिरण म्हणावं की वैश्विक किरण?

– विश्वकिरणच. ‘वैश्विक’ हल्ली ‘जागतिक’च्या जागी घुसलाय. खरं तर ‘किरण’ही फसवाच, कारण हे मुख्यतः अवकाशातून येणारे प्रोटॉन, म्हणजे कण. १९१२ साली भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर हेस बलूनमधून पाच किलोमीटरच्या वर गेले, तेव्हा उंचीबरोबर प्रारण (रेडिएशन) वाढताना दिसलं. पुढे किरण हे नाव पडलं ते पडलंच.

– ‘मुळे’ खोडलंत ते बरं केलंत, नाहीतर सगळं कर्तृत्व त्या कणांच्या गळ्यात पडतं. विद्युतभार साठवतो तो ढग. हिमकण आणि गारेचे मऊ गोळे एकमेकांवर आपटून. पण जमिनीलगतची कोरडी हवा फुटायला, म्हणजे तिच्यातून वीज वाहायला, मीटरमागे सुमारे ३० लाख व्होल्ट लागतात आणि ढगात मोजायला जावं तर भरतो साधारण दहावा हिस्सा. वरची हवा विरळ, म्हणून लवकर फुटते, हे धरूनही कमीच. मग सुरुवात होते कशी? १९९२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ अलेक्झांडर गुरेविच आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की विश्वकिरणांनी हवेत उडवलेले वेगवान इलेक्ट्रॉन ढगातल्या विद्युतक्षेत्रात आणखी वेग घेतात, आदळून नवे इलेक्ट्रॉन मोकळे करतात आणि बघता बघता त्यांचा लोंढा होतो. वाळल्या गवतात विडीचं थोटूक पडावं तसं. म्हणून ‘निमित्त’ म्हणा.

– निमित्त तरी नक्की का? हिमकणांच्या टोकांशी विद्युतक्षेत्र एकवटून वीज सुरू होते, असंही एक मत आहे. तसं असेल तर कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.

– म्हणून तर क्रियापद ‘असावेत’ हवं. मराठीत सोय आहे, वापरा की! आणि ‘पडते’ कशाला? बहुतेक विजा ढगातल्या ढगातच चमकतात, जमिनीपर्यंत येतच नाहीत.

प्रश्नकर्ती : ठरलं. ‘विश्वकिरण विजेला निमित्त होत असावेत.’ मुलीला वाचून दाखवलं, तर म्हणते, ‘काल रात्री आपल्याकडे वीज गेली, तीपण त्यांनीच घालवली का?’ आता ‘आकाशातल्या विजेला’ करतेय.