जेन्नेची मशीद: दरवर्षी लिंपायची, की एकदाच पक्की करायची?

खडूसगवंडी: पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या जेन्नेची मोठी मशीद अख्खी मातीची. आजची इमारत १९०७ची. राज्य फ्रेंचांचं, पण बांधणारे गावचेच गवंडी, म्होरक्या इस्माईला त्राओरे. दरवर्षी सगळा गाव मिळून ती लिंपतो. फोटो झकास येतात, कबूल. पण नोव्हेंबर २००९मध्ये पावसानं एका मनोऱ्याचा वरचा भाग कोसळला. एकदाच सिमेंटचा गिलावा करून मोकळं का होऊ नये?

पांढरीमाती: मातीवर सिमेंट? आमच्या धाब्याच्या घराला आजोबांनी हौसेनं मारलं होतं. ओल आतच कोंडली आणि चार पावसाळ्यांत पोपडा सुटला तो भिंतीची माती घेऊनच. जेन्नेचे गवंडी भाताचं तूस घालून चिखल कुजवतात, मग हातानं थापतात. भिंतीतून बाहेर आलेल्या ताडाच्या लाकडांवर पाय देऊन चढायचं. परांची वेगळी बांधायलाच नको!

खडूसगवंडी: आणि वर्षानुवर्षं चढलेल्या थरांचं वजन? जुन्या वास्तू जपणाऱ्या आगाखान ट्रस्टच्या दुरुस्तीत जुने थर खरवडूनच काढावे लागले ना?

पांढरीमाती: लागले, पण त्या कामाच्या पाहणीसाठी २००६मध्ये छत उकरताना दिसलं तेव्हा गावात दंगल उसळली, तेही सांगा. आणि लिंपण थांबलं की काय होतं, हे जेन्नेनं पाहिलंय. एकोणिसाव्या शतकातला तिथला राज्यकर्ता सेकू अमादू, त्याला आधीची जुनी मशीद भपकेबाज वाटायची, त्यानं ती पावसावर सोडली. १८२८मध्ये रने काइये हा फ्रेंच प्रवासी तिथं पोचला, तर आत पाकोळ्यांचा सुळसुळाट.

उंबरठा: दोघंही मशिदीवर अडकलात. १९८८पासून जुनं गाव जागतिक वारसा यादीत आहे, म्हणून लोकांना स्वतःच्या घरात साधी फरशी घालायचीही अडचण. मातीच्या जमिनीचं कौतुक आपण फरशीवर बसून करतोय. रोज झाडून बघा एकदा!

पांढरीमाती: घरांचं मान्य. आमच्या आईनंही शेणाचं सारवण सोडून शहाबादी घातली, तेव्हा मीच पैसे दिले होते. मशिदीचं वेगळं. तिथं गवंड्यांच्या घराण्यांतली पोरं लिंपता लिंपताच कसब शिकतात.

खडूसगवंडी: बरं, सिमेंट मागे घेतो. पण पन्हळी तरी नीट करा की! निम्मं नुकसान छतावर तुंबलेल्या पाण्यानंच होतं. तीस वर्षं हेच काम करतोय.