मदत हवी आहे : डीलरला 'याखाली विकू नका' असं सांगता येतं का?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरला आमचा पाण्याच्या पंपांचा घरचा कारखाना आहे. नाव फार मोठं नाही, पण सांगली, सोलापूर, बेळगावपर्यंत डीलर आहेत. सध्या पुण्याचा एक डीलर स्वतःचं मार्जिन जवळपास सगळं सोडून ऑनलाइन विकतोय. सोलापूरचे डीलर फोनवर वैतागले होते, "गिऱ्हाईक दुकानात येतं, हेड किती, पाइप किती इंची, सगळं मला विचारतं आणि शेवटी मोबाइल पुढे करतं. त्या भावात मला तुमच्याकडूनसुद्धा माल पडत नाही." त्यांचं खरं आहे.

काकांचा उपाय सरळ आहे. सर्क्युलर काढायचं : ठरल्या भावाखाली विकलं की वर्षाची स्कीम (विक्रीवर डीलरला आम्ही देतो ते जादा पैसे) रद्द, पुन्हा केलं तर माल बंद. आमच्या सीएंनी हात धरला. म्हणाले, मारुतीला 2021 मध्ये स्पर्धा आयोगाने याच प्रकारासाठी 200 कोटी दंड ठोकला. डीलरने किती सूट द्यायची याला मर्यादा होती, ती पाळतात का हे बघायला गिऱ्हाईक बनवून माणसं पाठवायचे, आणि सापडलं तर डीलरलाच नव्हे, शोरूममधल्या कर्मचाऱ्यांनाही दंड. काकांचं म्हणणं, कुठे मारुती आणि कुठे आपण!

मग आमच्यासारख्यांनी भाव सांभाळायचा कसा?

जाता जाता आणखी एक. पंपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'तांबं महागलंय, एक तारखेपासून सगळ्यांनी मिळून 6 टक्के वाढवू' असा मेसेज आलाय. बाकीच्यांनी अंगठे टाकलेत. मी अजून गप्प आहे.

उत्तर १

दादा, जे जाता जाता विचारलंत तेच जास्त घातक आहे.

सर्क्युलरचं प्रकरण स्पर्धा कायद्याच्या कलम 3(4) मध्ये येतं. तिथे बाजारातल्या स्पर्धेला खरोखर बाध आला का, हे तपासलं जातं. तुमचा बाजारातला वाटा किरकोळ असेल तर काकांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. तरीही शिक्षेची भाषा लेखी देऊ नका. एमआरपी छापा, सुचवलेला भाव कळवा, पण त्याखाली विकायची मोकळीक ठेवा.

खरा उपाय स्कीममध्ये आहे. आज तुम्ही नगावर पैसे देता, म्हणून पुणेकर नग ढकलतो. त्यातला हिस्सा काढून पंप बसवून देणं, स्पेअर ठेवणं, शेतावर जाऊन तक्रार बघणं यावर द्या. सोलापूरवाल्यांची मेहनत वसूल होईल. ऑनलाइनसाठी वेगळं मॉडेल काढता आलं तर उत्तमच.

ग्रुपचं मात्र तसं नाही. एकाच धंद्यातल्यांनी मिळून भाव ठरवला की कलम 3(3) नुसार स्पर्धेला बाध आला असं धरूनच चालतात. तसं नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. दंड त्या काळातल्या दरवर्षीच्या नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत, जे जास्त असेल ते. लहान आहोत म्हणून सूट नाही. गोव्यातल्या औषध विक्रेत्यांच्या संघटनेवर 2012 मध्ये कारवाई झालीच ना!

उत्तर २

वरच्यांशी सहमत. बिअरचं 2021 चं प्रकरण बघा, त्यात महाराष्ट्रही होता. कंपन्या संघटनेच्या आडून भाव ठरवत होत्या. ज्या कंपनीने आधी जाऊन सगळं सांगितलं तिला दंड पूर्ण माफ, आणि युनायटेड ब्रुअरीजला 750 कोटींच्या वर. म्हणजे अंगठे टाकणाऱ्यांतलाच कुणी उद्या आयोगाकडे जाऊ शकतो.

धागाकर्ता

सर्क्युलर थांबवलं, काका तूर्त रुसलेत. ग्रुपवर नेमकं काय लिहू? गुपचूप बाहेर पडलो तर चालेल?

उत्तर १

गुपचूप नको. लिहा : "आमचे भाव आम्ही स्वतंत्रपणे ठरवतो. या प्रस्तावात आम्ही नाही, आणि भावाची चर्चा इथे नको. मी ग्रुप सोडतोय." मेसेजचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढा, मग बाहेर पडा. जुनं चॅट अजिबात डिलीट करू नका. आणि पुढची भाववाढ कराल तेव्हा तांब्याची बिलं आणि तुमचा हिशेब फाइलला लावून ठेवा.